छोट्या कंपनीत पगारवाढ आणि वाढीव जबाबदारी: मालकाशी बोलणी कोणत्या क्रमाने करावीत

छोट्या कंपनीत पगारवाढीची बोलणी फसतात ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. काहीजण आधी पैसे मागतात आणि "बरं, त्यासाठी जास्तीचं काय करणार?" या प्रश्नापाशी अडखळतात. त्याहून जास्त लोक उलटं करतात. आधी काम अंगावर घेतात, वर्षभर निभावतात आणि मग पैशांचा विषय काढतात. तोवर ते काम त्यांचंच होऊन बसलेलं असतं. जे इतके दिवस विनातक्रार चाललंय त्याचे आता वेगळे पैसे कशाला, असं मालकाला वाटतं आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्यात नवल नाही.

क्रम असा ठेवा: आधी कामाची यादी, मग अधिकार, मग आकडा, मग तारीख आणि शेवटी कागद.

उदाहरणासाठी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) पंचवीस-तीस माणसांचं मशिनिंग वर्कशॉप धरू. तिथला क्वालिटी सुपरवायझर, एकूण पगार २४,०००. त्याला प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि बाहेरच्या जॉबवर्कचा (दुसऱ्या वर्कशॉपकडून करून घ्यायच्या कामाचा) पाठपुरावाही स्वतःकडे घ्यायचा आहे. तुम्ही सीएच्या ऑफिसात असा, प्रिंटिंग प्रेसमध्ये किंवा एखाद्या डीलरकडे, आकडे बदलतील. क्रम बदलणार नाही.

## १. आधी कंपनीची तब्येत बघा

मोठ्या कंपनीत पगारवाढीचं बजेट असतं, ग्रेड असतात, एचआर असतं. इथे यातलं काही नसतं. तुमचे वाढीव पैसे मालकाच्या चालू खात्यातून किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जातून) जाणार असतात आणि त्या कॅश क्रेडिटवर तो व्याज भरत असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हावं असं कायदा सांगतो, पण भोसरी-चाकणच्या कुठल्याही व्हेंडरला विचारा, पैसे खरंच किती दिवसांनी येतात ते तो सांगेल. पार्टीचे पैसे अडकलेले असताना घातलेल्या विषयाला "नाही" मिळतं आणि एकदा तोंडून गेलेलं "नाही" परत फिरवणं मालकालाही जड जातं.

म्हणून बोलण्याआधी महिनाभर एवढं बघून ठेवा. पगार वेळेवर होतायत का? नवीन पार्ट डेव्हलपमेंटला (पहिल्यांदा बनवून बघायला) आलाय का? नव्या मशीनचा हप्ता नुकताच सुरू झालाय का? आणि निर्णय नेमका कोण घेतं? बऱ्याच ठिकाणी ऑर्डर आणि पार्ट्या मालक बघतो, पण पगाराचा आकडा ठरतो त्याच्या भावाच्या, मुलाच्या किंवा हिशेब पाहणाऱ्या वहिनींच्या संमतीने. त्या व्यक्तीला तुमचं काम माहीत नसेल, तर आधी ते तिच्यापर्यंत पोहोचू द्या.

तपासा: गेले तीन महिने पगार उशिरा होत असतील, तर आत्ता फक्त जबाबदारी आणि पुढची तारीख ठरवा. पैशांचा आग्रह आत्ता धरू नका.

## २. तुमच्या कामाचा हिशेब रुपयांत मांडा

"मी खूप मेहनत करतो" हे मालकाला दिसत असतं. त्याला दिसत नाही ते त्या मेहनतीने वाचलेले पैसे. ते तुम्हीच कागदावर आणायचे आहेत.

मागच्या सहा महिन्यांचे आणि त्याआधीच्या सहा महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. वर्कशॉपमध्ये शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: ग्राहकाकडून आलेल्या डेबिट नोट (खराब मालापोटी बिलातून कापलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या), रिजेक्शन आणि रिवर्क (पुन्हा करावं लागलेलं काम), लाइन थांबू नये म्हणून रात्री पाठवलेल्या स्पेशल टेम्पोचं भाडं, जॉबवर्कला गेलेला पण परत न आलेला माल. ऑफिसमध्ये असाल तर थकीत वसुली, उशिरा भरलेल्या रिटर्नची लेट फी, दोनदा झालेलं पेमेंट.

समजा डेबिट नोट आधीच्या सहा महिन्यांत १,४०,००० रुपयांच्या होत्या आणि नंतरच्या सहा महिन्यांत ५५,००० च्या. फरक ८५,००० रुपये. आता इथे एक मोह होतो: सगळे ८५,००० स्वतःच्या नावावर लावायचा. तसं करू नका. त्यातला काही भाग नव्या फिक्श्चरचा (जॉब मशीनवर पकडायच्या साधनाचा) असेल, काही ऑपरेटरचा. "यात माझं काम हे होतं: फर्स्ट पीस तपासल्याशिवाय बॅच सुरू होऊ दिली नाही" असं नेमकं सांगा. छोट्या जागेत कोणी काय केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाढवून सांगितलेला एक आकडा बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडवतो.

हे सगळं एका पानावर बसवा. दोन पानं झाली तर मालक दुसरं पान उलटणार नाही.

सावधान: डेबिट नोटच्या प्रती किंवा ग्राहकाचे रेट घरी नेऊ नका, मोबाइलवर फोटोही काढू नका. आकडे वहीत टिपलेत तरी पुरतं. हेतू चांगला असूनही, कागद बाहेर नेणाऱ्या माणसावरचा विश्वास जातो.

## ३. कामाची यादी: आत्ताचं, नवं आणि सोडायचं

पानाचे तीन भाग करा. पहिल्यात आज तुम्ही करता ती कामं, त्यात नेमणुकीच्या वेळी ठरली नव्हती तीही. दुसऱ्यात जी नवी घ्यायची आहेत ती. तिसऱ्यात जी दुसऱ्याकडे द्यावी लागतील ती.

तिसरा भाग जवळजवळ सगळेच रिकामा ठेवतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. दिवसाचे तास तेवढेच आहेत. प्लॅनिंग तुमच्याकडे आलं आणि इनकमिंग मालाची तपासणीही तुमच्याकडेच राहिली, तर दोन महिन्यांत एक रिजेक्शन निसटेल आणि नव्या जबाबदारीवरच बोट येईल. तेव्हा "इनकमिंग तपासणी अमुक मुलाला शिकवतो, एका महिन्यात तो स्वतंत्रपणे करेल" हे आधीच लिहा. मालकालाही यातून कळतं की तुम्ही नुसतं पद मागत नाही, ते चालवायचं कसं याचाही विचार केलाय.

नवी कामं लिहिताना "मदत करणे", "लक्ष ठेवणे" असे शब्द टाळा. ते मोजता येत नाहीत. "दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा मशीनवार प्लॅन देणे", "जॉबवर्कला गेलेल्या प्रत्येक चलनाचा माल ठरल्या दिवशी परत आणणे" असं लिहा.

## ४. अधिकाराशिवाय जबाबदारी घेऊ नका

वाढीव भूमिकेत लोक सर्वात जास्त फसतात ते इथे. कार्डावर "प्रॉडक्शन इन्चार्ज" छापून येतं, पण चारशे रुपयांचा ड्रिल बिट मागवायलाही मालकाला फोन करावा लागतो आणि ऑपरेटर सांगतो, "साहेबांनी मला दुसरा जॉब लावायला सांगितलाय."

मागायचे अधिकार थोडे ठेवा, पण स्पष्ट मागा:

- ठराविक रकमेपर्यंतची खरेदी न विचारता. सुरुवातीला महिन्याला १०,००० पुरे.
- शंका असेल तर डिस्पॅच थांबवण्याचा हक्क.
- कोणत्या मशीनवर कोणता जॉब आधी, हा शब्द तुमचा. मालकाला बदल हवा असेल तर तो तुमच्यामार्फत.
- प्लॅनिंगपुरतं ग्राहकाच्या माणसाशी थेट बोलणं.

आणि एक विनंती आवर्जून करा: ही नवी व्यवस्था मालकाने स्वतः सगळ्यांसमोर जाहीर करावी. प्रत्येक वर्कशॉपमध्ये मालकाबरोबर सुरुवातीपासून असलेला एखादा जुना माणूस असतो. त्याला ही बातमी तुमच्या तोंडून कळली तर तो दुखावतो, आणि तो दुखावला की शॉप फ्लोअरवर तुमचं काही चालत नाही. शक्य असेल तर मालकाने त्याला आधी एकट्याला सांगावं.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नव्या कामासमोर "यासाठी मला कोणाला विचारावं लागेल?" हे लिहा. अर्ध्याहून जास्त ठिकाणी मालकाचं नाव आलं, तर ती भूमिका अजून तयार नाही.

## ५. आकडा: तुमच्या हातात किती, मालकाच्या खिशातून किती

दोन्ही बाजूंनी हिशेब करून जा. वाढ ६,००० धरू, म्हणजे २४,००० चे ३०,०००. बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) १२,००० वरून १५,००० झालं.

मालकाच्या बाजूने: ६,००० पगार. त्याचं पीएफचं १२ टक्के योगदान, शिवाय विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून साधारण १३ टक्के, म्हणजे वाढलेल्या ३,००० बेसिकवर ३९०. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १४४. महिन्याला ६,५३४, वर्षाला ७८,४०८. दिवाळीला एक पगार बोनस द्यायची पद्धत असेल तर आणखी ६,०००. एकूण ८४,४०८.

तुमच्या बाजूने: ६,००० मधून पीएफचे ३६० वजा. हातात वाढले ५,६४०.

हा ८४,४०८ चा आकडा तुम्हाला पाठ हवा, कारण मालक मनात तोच मांडत असतो. डेबिट नोटमधली सहा महिन्यांची बचत ८५,००० होती. हे दोन आकडे एका पानावर शेजारी आले की बोलणं उपकाराच्या पातळीवरून व्यवहारावर येतं. त्यात भर म्हणून, प्लॅनिंगसाठी बाहेरून वेगळा माणूस घेतला तर त्याचा अख्खा पगार द्यावा लागेल, हेही मालकाच्या लक्षात असतंच.

मनात तीन आकडे ठेवा: मागायचा ३२,०००, पटणारा ३०,०००, त्याखाली नवी जबाबदारी घ्यायची नाही तो २८,०००. मागताना महिन्याच्या रुपयांत बोला, टक्क्यांत नको. "२५ टक्के वाढ" ऐकायला मोठी वाटते, आणि मग मालकाच्या डोक्यात सगळ्या पंचवीस माणसांना २५ टक्के असा हिशेब सुरू होतो. तुलना करायची तर त्याच पट्ट्यातल्या तेवढ्याच आकाराच्या वर्कशॉपशी करा. चाकणच्या गाडी कंपनीतल्या पगाराचा इथे उपयोग नाही.

काही मर्यादांची खबरदारी घ्या:

- ईएसआय (कर्मचारी राज्य विमा). वेतनमर्यादा २१,००० आहे. वाढीमुळे ती ओलांडत असाल तर चालू वर्गणी कालावधी संपेपर्यंत कपात होत राहते (हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च). पुढे मात्र कुटुंबाची दवाखान्याची सोय जाते. घरात म्हातारे आईवडील असतील तर ही हजार-दोन हजारांच्या वाढीपेक्षा मोठी गोष्ट आहे. ग्रुप मेडिक्लेम त्याच बोलण्यात मागा. कोणते भत्ते मर्यादेत धरले जातात ते कंपनीच्या लेबर कन्सल्टंटला विचारून घ्या.
- व्यवसाय कर. महाराष्ट्रात स्त्री कर्मचाऱ्याला महिना २५,००० पर्यंत माफ आहे. त्यावर गेल्यास महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००.
- रोख पगार. वाढीव रक्कम पाकिटातून घेऊ नका. ती गृहकर्जाच्या वेळी दिसत नाही, पीएफमध्ये दिसत नाही, आणि वाद झालाच तर ती दिली जात होती हेही सिद्ध करता येत नाही.

सावधान: कंपनीकडून घेतलेली उचल बाकी असेल तर ती फेडून किंवा हप्ता ठरवूनच बोलायला जा. नाहीतर पहिलं वाक्य तिच्यावरच येईल.

## ६. वेळ आणि जागा

महिन्याची ७ तारीख पगाराची, २० तारीख जीएसटीची. २१ पासून महिनाअखेरपर्यंत डिस्पॅचची घाई. उरतात ८ ते १८. मार्च महिना पूर्ण टाळा. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडेही टाळा, कारण तेव्हा बोनसची जुळवाजुळव चाललेली असते. एप्रिलच्या वाढीत नाव हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बोला. एप्रिलमध्ये बोललात तर आकडे ठरून गेलेले असतात.

भोसरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारी मशीन बंद असतात आणि मालक अनेकदा एकटाच ऑफिसात कागदपत्रं बघत बसलेला असतो. यापेक्षा चांगली वेळ नाही. फोनवर फक्त वेळ मागा: "साहेब, प्लॅनिंग आणि जॉबवर्कच्या कामाबद्दल अर्धा तास बोलायचं होतं. गुरुवारी सकाळी येऊ का?" पगाराचा शब्दही त्यात नको. आणि चालता चालता, मशीनपाशी, किंवा कुणाच्या लग्नात हा विषय कधीच काढू नका.

## ७. प्रत्यक्ष बोलणं

पान समोर ठेवा आणि कामापासून सुरू करा.

"साहेब, मागच्या सहा महिन्यांत डेबिट नोट एवढ्या कमी झाल्या. अजूनही स्पेशल टेम्पोवर पैसे जातायत, कारण कोणता जॉब कधी निघणार हे आधी ठरत नाही. ते प्लॅनिंग आणि जॉबवर्क मी घ्यायला तयार आहे. काय करेन, काय सोडेन ते इथे लिहिलंय."

इथे थांबा. त्यांना वाचू द्या, प्रश्न विचारू द्या. कामावर दोघांचं एकमत झालं की अधिकार. तेही झालं की मग आकडा: "या सगळ्याचे मिळून महिना ३२,००० व्हावेत असं मला वाटतं." आणि पुन्हा थांबा. शांतता अवघड वाटते म्हणून लोक स्वतःच "किंवा तुम्हाला जमेल तसं" म्हणून टाकतात आणि तिथेच दोन हजार जातात. "तुम्हीच ठरवा" हेसुद्धा म्हणू नका. त्यात नम्रता आहे असं वाटतं, पण सगळा भार मालकावर जातो आणि तो सर्वात लहान आकड्यावर थांबतो.

घरभाडं वाढलं, मुलीची फी आहे, ही कारणं खरी असतात, पण मांडू नका. त्यावर मालक फार तर उचल देईल. सहकाऱ्याच्या पगाराचा उल्लेख नको. आणि हातात नसलेली दुसरी ऑफर दाखवू नका. या पट्ट्यात मालक एकमेकांना ओळखतात, एका फोनवर कळतं.

## ८. मालकाची उत्तरं

"आत्ता मार्केट थंड आहे." मान्य करा आणि टप्पे पाडा: "मग आत्ता २८,००० करू, आणि १ ऑक्टोबरपासून ३०,०००." टप्पा चालेल, पण तारखेशिवाय टप्पा नको.

"दिवाळीनंतर बघू." "चालेल साहेब. मग दिवाळीनंतर कोणत्या तारखेला बसू? आणि नवं काम तेव्हापासूनच सुरू करू ना?" हा दुसरा प्रश्न शांतपणे पण नक्की विचारा. काम आज आणि पैसे नंतर, ही वाट बंद ठेवायची ती इथेच.

"तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल." यासाठीच कामाची यादी आधी ठरवली. "ही नवी कामं ज्याच्याकडे आहेत त्याची ही वाढ आहे" असं मालक बाकीच्यांना सांगू शकतो.

"तू तर घरचाच माणूस." बहुतेक वेळा हे मनापासून असतं. त्याचा मान ठेवा, पण विषय सोडू नका: "म्हणूनच मोकळेपणाने बोलतोय."

"नफ्यात वाटा देतो." नफ्याचा हिशेब तुम्हाला दिसणार नसेल तर नको. त्याऐवजी तुम्हाला रोज दिसणाऱ्या गोष्टीवर इन्सेंटिव्ह मागा, उदाहरणार्थ ज्या महिन्यात एकही स्पेशल टेम्पो गेला नाही त्या महिन्याचे ठराविक पैसे.

पैशांवर खरंच अडलं तर मेडिक्लेम, पेट्रोल भत्ता, एखाद्या कोर्सची फी यांवर बोला. आणि साफ नकार आला तर नवी जबाबदारी न घेता आत्ताचं काम नीट करत राहा. रागाने त्याच आठवड्यात राजीनामा देऊ नका. विशेषतः नोकरीची पाच वर्षं भरत आली असतील, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब आधी करा: शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं.

## ९. कागद

तोंडी होकार खरा असतो, पण तीन महिन्यांनी दोघांना वेगवेगळा आठवतो. त्याच दिवशी संध्याकाळी मालकाला आणि हिशेब पाहणाऱ्याला छोटा ईमेल करा:

"आज ठरल्याप्रमाणे १ तारखेपासून प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि जॉबवर्कचा पाठपुरावा माझ्याकडे राहील. इनकमिंग तपासणी महिन्याभरात हस्तांतरित करेन. महिना १०,००० पर्यंतची खरेदी मी मंजूर करेन. एकूण पगार ३०,०००, बेसिक १५,०००. तीन महिन्यांनी आढावा. काही राहिलं असेल तर कळवावे."

मग लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मागा. मसुदा तुम्हीच तयार करून द्या. मालकाला फक्त सही करायची राहिली तर ते आठवड्यात होतं, त्याच्यावर सोडलं तर राहूनच जातं.

तपासा: पत्रात लागू होण्याची तारीख आहे का? "कामगिरी पाहून" असं लिहिलं असेल तर ती कशावरून पाहणार, तेही लिहिलंय का?

## १०. पहिले तीन महिने

पहिली पगार स्लिप आली की बेसिक, पीएफ कपात आणि खात्यात आलेली रक्कम पत्राशी ताडून बघा. चूक दिसली तर हिशेब पाहणाऱ्याला विचारा, मालकाकडे लगेच जाऊ नका. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये जुना आकडा राहिलेला असतो. पुढच्या महिन्यात पीएफ पासबुकमध्ये वाढीव वर्गणी जमा झाली का तेही पाहा.

दर शनिवारी प्लॅनसोबत त्या आठवड्याचे तीन आकडे मालकाला पाठवा: किती जॉब वेळेवर गेले, किती रिवर्क झाला, टेम्पोवर किती खर्च झाला. वाईट आठवड्याचेही पाठवा. आणि आढाव्याची तारीख मालकाच्या लक्षात राहील असं धरू नका. ती तुमच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीची टाका आणि त्या दिवशी गुरुवारची वेळ मागून घ्या.